मल्लिनाथचा पाहुणचारी कॉम्प्युटर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचा मल्लिनाथ डिझाइन मास्तर आहे. लग्नात आहेर करायच्या टॉवेलांवर नवरा-नवरीची नावं विणायची, हे त्याचं काम. माणूस देव, पण आळशी इतका की, दुसऱ्यांदा मागायला नको म्हणून शेंगाचटणी पहिल्यांदाच वाटीभर वाढून घेतो!

कॉम्प्युटरवर लिनक्स, कारण ते फुकट. त्यात त्याने व्हिडिओ बघून बघून एक नियम लिहिला. पेनड्राइव्ह लावला की त्यातलं सगळ्यात नवं चित्र आपोआप सॅम्पलच्या मागावर जाणार आणि माग विणायला लागणार. बटण दाबायची भानगडच नाही.

त्याची इंजिनिअर मुलगी सिद्धेश्वरी कितीदा म्हणाली, "अप्पा, नियमात तुमच्याच पेनड्राइव्हचा नंबर घाला की. आता कुणाचाही चालतोय."

"चालू दे. दारात आलेल्याला नंबर विचारायचा व्हय?"

मागच्या महिन्यात तिला स्थळ आलं. घर तालेवार, मुलगा देखणा. हे जमावं म्हणून मल्लिनाथने चार सोमवार उपास धरले. मुलाचे वडील शरणबसव कारखाना बघायला आले. सिद्धेश्वरी थर्मास घेऊन आलेलीच होती.

"मुलाचे फोटो दाखवतो," म्हणत पाहुण्यांनी खिशातला पेनड्राइव्ह लावलासुद्धा.

मागे माग खडखडला.

टॉवेलांना घडी घालणारी जगदेवी विणलेलं प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचते. नाव चुकलं तर वऱ्हाड भांडायला येतं, म्हणून तिला ते कामच दिलंय. मागांच्या आवाजावर आवाज चढवून ती ओरडली, "सांगोल्याची, नाकात बोलते! अक्कलकोटची, उंच फार! मल्लिनाथची..." ती थांबली.

"वाच की," मल्लिनाथ म्हणाला.

"मल्लिनाथची मुलगी, सावळी. शिक्षण जास्त. बाप भोळा. अडलं तरच."

गुलाबी अक्षरं, वीतभर उंच!

"अय्यय्यो! हे तर आमच्या हिचं अक्षर!" शरणबसवांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. बायकोनं केलेल्या स्थळांच्या यादीचा फोटो मुलाच्या फोटोंबरोबर आला होता, आणि तोच सगळ्यात नवा होता.

माग बेशरमासारखा दुसरा टॉवेल विणू लागला. माग थांबवायचा कसा, हेच मल्लिनाथला आठवेना. शेवटी सिद्धेश्वरीने जाऊन बटण दाबलं. तिचे डोळे कोरडे होते. त्या कोरड्या डोळ्यांकडे बघून मल्लिनाथ खुर्चीतून उठला.

त्याने कात्रीनं पहिला टॉवेल कापला, रीतसर घडी घातली आणि दोन्ही हातांनी पाहुण्यांपुढे धरला.

"घ्या अण्णा. पाहुण्याला आहेराशिवाय पाठवायची आमच्यात रीत न्हाय."

शरणबसव टॉवेल काखेत मारून गेले. चहा तसाच राहिला.

सिद्धेश्वरी कॉम्प्युटरपुढे बसली. "आता तरी नंबर घालते, अप्पा."

"हात लावू नको!" मल्लिनाथ ओरडला. "पुढचं स्थळ आलं की आधी हितंच आणायचं."