पुढची बैठक गडबला

“तुमचा विषय पुढच्या महिन्यात आहे हो. तेव्हा पोटभर बोला.”

मॅडम हसून म्हणाल्या. बाकीच्या बायकाही हसल्या. वाईट हसल्या नाहीत. घरातलं लहान मूल मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच बोललं की हसतात, तशा. मी जेमतेम अर्धं वाक्य बोलले होते. ते तसंच राहिलं.

पेणला आमचं वाचक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी कुणा एकीच्या घरी बैठक होते. जिच्या घरी बैठक, तिने पुस्तक निवडायचं आणि बाकीच्यांनी ते वाचून यायचं. मॅडम कॉलेजात शिकवून निवृत्त झाल्या, मंडळ त्यांनीच सुरू केलं. त्या दिवशीची कादंबरी घर सोडणाऱ्या एका शहरी बाईची होती. जाताना ती घराची किल्ली शेजारणीकडे ठेवते. मला म्हणायचं होतं की जिला परत यायचं नसतं ती किल्ली ठेवत नाही. एवढंच. पण तो माझा विषय नव्हता. माझा विषय मीठ.

माझ्या आईचं आयुष्य मिठागरावर गेलं. मी शिकले, धाटावच्या कंपनीत पॅकिंगला लागले. आम्ही दोघी धाटाव-पेणच्या वाटेवर, गडबला राहतो. बैठकीच्या रविवारी फर्स्ट शिफ्ट असली की सुटल्यावर कंपनीची बस माझ्या घरावरून पुढे जायची. अंगणात आई दिसायची. पाय भरून आलेले असायचे, वाटायचं उतरावं आणि आडवं व्हावं. मी उतरायची नाही. मांडीवरचं पुस्तक चाळत पेणपर्यंत जायची. कुणाला वाटेल हौस. हौस नव्हती, भूक होती.

मंडळात गरिबांचं पुस्तक आलं की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. कोळ्यांचं असो, ऊसतोडीचं असो. एकदा वीटभट्टीवरच्या बायकांचं होतं. मी जन्मात भट्टीवर गेलेली नाही. तरी मॅडम म्हणाल्या, “तुम्ही सुरुवात करा.” मी केली. काय बोलले देवाला ठाऊक. सगळ्या मन लावून ऐकत होत्या, आणि मला ते बरंही वाटलं होतं. दुसरं कुठलं पुस्तक असलं की मात्र मी चहाचे कप गोळा करायची.

बैठक माझ्या घरी कधी झाली नाही. नाव यायचं, पुढे सरकायचं. “तुम्ही लांब राहता. ड्युटी असते. तुम्हाला कशाला त्रास?” काळजीनेच म्हणायच्या. म्हणून पुस्तक निवडणंही माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

त्या संध्याकाळी चपला घालत होते, तेव्हा डॉक्टरीणबाई मागून आल्या. पुढची बैठक त्यांच्याकडे, मिठागराची कादंबरी त्यांनीच निवडलेली. म्हणाल्या, “आईंना घेऊन या ना. मिठाने पाय कसे होतात ते आम्हाला प्रत्यक्ष बघता येईल.”

मी “बघते” म्हणाले. घरी परतताना वडखळपर्यंत माझे कान तापलेले होते.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, “माझे पाय बघाया? मी काय जत्रेतला पाळना हाय?” मग भाकरी तव्यावर टाकून, “आन् तू गो? तू तिथं वाचाया जातेस का दाखवाया?”

इतकी वर्षं मी वाचायला जात होते आणि त्या मला वाचत होत्या.

पुढच्या महिन्यात मी एकटीच गेले. आई आली नाही म्हणून डॉक्टरीणबाई हिरमुसल्या. माना वळल्या. मॅडम म्हणाल्या, “आज तुमचा दिवस. करा सुरुवात.”

“मी पुस्तकावर बोलेन,” मी म्हणाले. “मिठागरावर बोलणार नाही. पुस्तक मला आवडलं नाही. त्यातली आई एकदासुद्धा हसत नाही.”

“पण तुम्ही तर हे जगलात,” मॅडम म्हणाल्या.

“जगले. म्हणून सुट्टीला दुसरं काही वाचावंसं वाटतं.”

दमले होते, सकाळपासून उभी होते. पण थांबले नाही. “पुढची बैठक माझ्याकडे. गडबला. पुस्तक मी निवडनार.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “अहो, पण इतक्या जणी... जागा?”

“अंगन हाय,” मी म्हणाले. आईची बोली तोंडात आली होती. सुधारली नाही.

पुस्तक निवडलंय. बंगल्यात राहणाऱ्या चार भावंडांची गोष्ट आहे, मीठ फक्त जेवणाच्या टेबलावर. मॅडमही बंगल्यातच राहतात; त्यांच्याकडे मान वळवून म्हणावं, “तुम्ही हे जगलात, करा सुरुवात.” जीभ वळवळते. पण नाही म्हणणार. जे माझ्याशी झालं ते माझ्या अंगणात कुणाशी होणार नाही. पुस्तकावर बोला, एवढंच सांगणार.

आई म्हणते, येणार नाय कोन. नाही आल्या तर सतरंजी गुंडाळून ठेवीन, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा माझंच नाव सांगीन. आल्या, तर त्या किल्लीचं वाक्य अर्धं राहिलंय. आधी ते पुरं करणार. मग चहा.