बाबांची तपासणी आणि उत्तनच्या मावशी

अनुभव लिहावा इतकी माझी साधना नाही, आणि लिहायची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे काही चुकलं तर वाचकांनी मोठ्या मनाने माफ करावं.

बाबा भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचं काम करतात. मागच्या वर्षी त्यांना कावीळ झाली आणि ती उतरेना. स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर गाठीसारखं काहीतरी दिसलं. तो कॅन्सर आहे की नुसती सूज, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करायला सांगितलं. त्यात तोंडातून नळी जठरात नेतात, तिच्या टोकाला बारीकसं सोनोग्राफीचं यंत्र असतं, त्याने मागचं स्वादुपिंड अगदी जवळून दिसतं आणि सुईने तिथला नमुनाही घेता येतो. हे सगळं मी घरी समजावून सांगितलं. फॉर्म भरले, सूचना वाचून दाखवल्या. पण स्कॅन आल्यापासून देवापुढे हात जोडणं मी सोडलं होतं. आता जे करायचं ते मलाच, असं वाटायचं.

तपासणीच्या सकाळी जेसल पार्कच्या आमच्या खोलीत आईने गावच्या देवीला गाऱ्हाणं घालून नारळ फोडला. मी फाइल लावत होतो, तिकडे लक्ष दिलं नाही.

मीरा रोडच्या रुग्णालयात आमची वेळ सकाळी दहाची होती. शेजारी उत्तनच्या एक मावशी नवऱ्याला घेऊन बसल्या होत्या. हातात क्रूस लावलेली जपमाळ होती. त्यांची वेळ दुपारी तीनची, पण चुकायला नको म्हणून सकाळीच आलेल्या.

त्यांनी बाबांना सहज विचारलं, "सकालपासून पोटात काय गेलं न्हाय ना?"

"काही नाही. प्रसादाचं खोबरं तेवढं, सातला."

मी हबकलो. "बाबा, काही खायचं नाही सांगितलं होतं ना?"

"प्रसाद म्हणजे काय खाणं आहे का रे?" बाबा शांतपणे म्हणाले.

गुंगीत उलटी झाली आणि पोटातलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं, हे मला माहीत होतं. पण सांगितलं तर पुढची तारीख दोन आठवड्यांनी मिळणार होती. एवढासा तुकडा, कोणाला कळणार, हा विचार माझ्या मनात आला. ते इथे कबूल करतो.

मावशी माझ्याकडेच बघत होत्या. "जा, सांग त्यांना. देव तुजा पन हाय, माजा पन हाय. पोटाला काय म्हाईत प्रसाद कुनाचा ते?"

एवढ्यात नर्स आल्या. "अंकल ने कुछ खाया तो नहीं?"

मी खरं ते सांगितलं. त्या फाइल मिटून "फिर आज नहीं होगा" म्हणाल्या, तशा मावशी उठल्या. "आमचा मानूस रातपासून उपाशी हाय. त्याला आता घ्या, यांना तीनला." मग नवऱ्याकडे वळल्या, "जा तुमी. न्हायतर भूक भूक करून तीनपर्यंत माजं डोकं खाल." ते हसत उठले. नर्स आत विचारून आल्या आणि डॉक्टर तयार झाले.

मावशींच्या नवऱ्याच्या पित्तनलिकेत बारीक खडा निघाला. तो काढता येणार होता. हे सांगून त्या निघाल्या तेव्हा मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. बाबांना तीनला आत नेलं. दार बंद झालं आणि कितीतरी दिवसांनी माझे हात आपोआप जुळले. मागितलं काहीच नाही. माझ्या हातात होतं ते करून झालं होतं. उरलेलं ज्याचं होतं त्याच्यावर सोडताना पहिल्यांदाच हलकं वाटलं.

देवीने मावशींना पाठवलं की त्यांच्या मेरीमातेने, हे मी ठरवू शकत नाही. चूक कबूल करायला लावणारं माणूस योग्य वेळी शेजारी असणं, ही मला कृपाच वाटते. देवी आणि मेरीमाता, मी दोघींचा ऋणी आहे.

नमुन्याच्या रिपोर्टला आठ दिवस लागले. मी कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर उभा होतो, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. कॅन्सरच्या पेशी सापडल्या नव्हत्या. सूजच होती, गोळ्यांनी उतरणारी.