गरम बॉनेटला नमस्कार

...तर दौलतने पट्टा लावला, ब्रेकवर पाय ठेवला, गिअरचा दांडा 'पी'वरून 'डी'वर आणला आणि मागून म्हैस धडकावी तसा गाडीने हिसका दिला. काल इथवर आलो होतो. शेजारी त्याची बायको शेवंती बसलेली. तिच्या मांडीवरची पिशवी घसरली नि दुधी थेट सीटखाली.

"रोज सकाळी हेच," ती वाकून दुधी शोधत म्हणाली. "देवाला दाखवून आणलेली ना ही गाडी?"

दौलत साताऱ्याकडचा गडी, मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात फिटरकी करून म्हातारा झालेला. यंत्र म्हटलं की कान टवकारायचे. पण ही ऑटोमॅटिक गाडी म्हणजे त्याला झाकली मूठ. डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला, म्हणून ही घेतली. घेतली कुणाकडून, तर साडूकडून. नौपाड्याचा सुदेश, शेवंतीच्या धाकट्या बहिणीचा, संचिताचा नवरा. दौलतचं एक ठरलेलं बोलणं होतं, "बाहेरच्याचं सोनं नको, घरच्याचं पितळ चालेल." आळीत सगळ्यांना ते तोंडपाठ.

गाडी बघायला तो सकाळीच नौपाड्याला गेलेला. सुदेश खालीच उभा, कपाळाला गंध, बॉनेटवर झेंडूचा हार. "आत्ताच टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणली, दौलतराव. तुमच्या हातात द्यायची म्हणजे देवाच्या पायावर घालूनच." दौलतचे डोळे भरून आले. त्याने ऊनऊन बॉनेटवर हात ठेवला आणि तोच हात कपाळाला लावला. चक्कर मारली, तर गाडी लोण्यासारखी. साडू असावा तर असा, हे त्याने पुढे मोहनेभर सांगितलं.

आणि आता हा हिसका.

कल्याणच्या धनेशचं गॅरेज नावाजलेलं. पण मोहन्याहून तिथवर जाईतो गाडी अगदी साधुसंत. दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरतो ना, तसं. दोनदा गेला, दोनदा धनेश हसला.

"काका, हिसका तुम्हाला बसतो की गाडीला?"

शेवटी दौलत वैतागला. "मी फिटर आहे रे. मला काय भास होतो?"

"फिटर आहात ना, मग ठेवा रात्रभर इथे. गरम गाडी पाहुण्यासमोरच्या सुनेसारखी, गुणाचीच दिसते. थंड झाली की बघू."

सकाळी दौलत हजर. धनेशने दांडा ओढला आणि धाडकन आवाज आला. दौलतला इतका आनंद झाला की त्याने धनेशची पाठ थोपटली.

आधी धनेशला वाटलं, इंजिनाखालचं रबर फाटलं असेल. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक दाबून दांडा पुढे-मागे केला. इंजिन जागचं हललं नाही. रबर शाबूत. उभ्या गाडीत इंजिन जास्त पळतंय का बघितलं, तेही नाही. मग गिअरबॉक्सचं तेल काढलं. कोकम सरबतासारखं लालभडक, नवंकोरं. पण गिअरबॉक्सच्या तळाचं ताट उतरवलं, तर त्यातल्या, झीज धरून ठेवणाऱ्या चुंबकावर काजळासारखा चुरा.

धनेशने तो बोटावर घेऊन चोळला. "गिअर पकडणाऱ्या आतल्या पट्ट्या झिजल्यात. गिअरबॉक्स उघडावा लागणार. पण काका, हे तेल कधी बदललंत?"

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग तुमच्या आधी कुणीतरी बदललंय. म्हणजे हिसका त्याला ठाऊक होता. घेतली तेव्हा गाडी गरम होती का हो?"

दौलतने आपल्या तळहाताकडे बघितलं. त्याच हाताने नमस्कार केला होता.

घरी येऊन त्याने शेवंतीला सगळं सांगितलं. तरी शेवटी म्हणालाच, "देवाला गेला होता गं बिचारा. गाडी गरम असणारच."

शेवंती मेथी निवडत होती. हात थांबले.

"संचिता होती का बरोबर?"

"होती म्हणे. जोडीने जाऊन आले."

"टिटवाळा इथून हाकेवर. संचिता टिटवाळ्याला येईल आणि माझ्या दारी पाणी प्यायला थांबणार नाही? आजवर झालंय असं?"

दौलत खाली बसला. गिअरबॉक्स काय, दुरुस्त झाला असता. पण सुदेशने नौपाड्यातच चार गल्ल्या फिरवून गाडी तापवली, फुलवाल्याकडून हार घेतला, आणि नाव देवाचं लावलं. आणि आपण त्या तापलेल्या पत्र्याला नमस्कार केला. त्या दिवसापासून घरच्या पितळेचं बोलणं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

"जाब विचारणार मी त्याला," तो म्हणाला.

"विचारा," शेवंती मेथीकडे बघतच म्हणाली. "पण मला एकच बहीण आहे, एवढं ध्यानात ठेवा."

पुढच्या रविवारी सुदेश आणि संचिता जेवायला आले. बहिणी आत पुरणपोळ्या लाटत, खिदळत होत्या. सुदेशने पानावर बसता बसता तूप वाढून घेतलं आणि मोठ्या खुशीत विचारलं, "काय दौलतराव, गाडी काय म्हणते?"

आतलं लाटणं थांबलं. दौलतने आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग सुदेशच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि शांतपणे म्हणाला,

"थंड असली की खरं बोलते, सुदेशराव. गरम केली की तुमच्यासारखी गोड."