गोऱ्या बाहुल्या

धुळ्यात माझं बांगड्या-खेळण्यांचं दुकान होतं आणि जळगावात माझी थोरली बहीण कापडी बाहुल्या शिवायची. अक्काला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासरच्यांनी परत पाठवलं. कारण कुणी बोलून दाखवलं नाही, पण अक्का रंगाने चांगलीच काळी होती आणि कारण तेच, हे सगळ्यांना कळत होतं. भावजयीच्या संसारात कायमचं राहायचं नाही म्हणून तिने जळगावात एक खोली घेतली होती. आई-वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मीच.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भावाने जायचं असतं. मी दरवर्षी जायचो. अक्का आणि तिच्या बाहुल्यांचं गाठोडं, दोन्ही माझ्याबरोबर एस.टी.ने धुळ्याला यायची. गल्लीतल्या पोरी आखाजीत बाहुला-बाहुलीचं लग्न लावायच्या, म्हणून बाहुल्या जोडीनेच खपायच्या, राजा आणि राणी. अक्काची राणी जुन्या लुगड्याच्या तपकिरी कापडाची असे. आत जिनिंगमधून आणलेला कापूस, काळ्या दोऱ्याची वेणी, नाकात मण्याची नथ. दुकानात दोरीला टांगली की काम झालं. बायका डोळे बघून बाहुली निवडायच्या, कारण डोळे अक्का फार जीव लावून भरायची.

मग मुंबईचा एक फिरता विक्रेता दुकानात आला. त्याच्याकडची बाहुली चकचकीत होती. गुलाबी गाल, पिवळे केस, अंगात झगा, डोक्यावर मुकुट. ती राणी नव्हती, राजकन्या होती, आणि तिला राजा नव्हता. तिच्या खोक्याला समोरून पारदर्शक कागद होता, म्हणजे पोरीने ती नुसती बघायची आणि बापाच्या मागे लागायचं. जोडी घेतली की खेळ पुरा होतो, असं त्याने मला समजावलं. एकटी विकली की दुसरा झगा हवा, मग दुसरी राजकन्या हवी. मला ते इतकं पटलं, की त्याच आठवड्यात मी जळगावला गेलो.

मी अक्काला तशाच बाहुल्या करायला सांगितल्या. राजा नको, नथ नको, पिवळी लोकर आणि बेगडीचा मुकुट. तिने एक करून दाखवली. चेहऱ्याला गव्हाळ कापड वापरलं होतं.

मी म्हणालो, "अक्का, पांढरं मांजरपाट घे. काळी राजकन्या कोण घेईल?"

ती सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "काळीले कोनीच लेत नही. माले माहीत शे."

मी हसलो. काय बोलून बसलो ते बसस्टँडवर आल्यावर ध्यानात आलं. परत जाता आलं असतं. एस.टी. लागलेली होती, मी तीत चढलो.

तिने गोऱ्या राजकन्या शिवल्या, पण मुंबईच्या मालाशेजारी त्या गबाळ्या दिसायच्या. दोन आखाज्या त्या माझ्या मागच्या फळीवर पडून राहिल्या. तिसऱ्या वर्षी जळगावला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मी निरोप दिला, की यंदा बाहुल्या नकोत, आणि सणाला तू ये. बायकोने विचारलं, आणायला कोण जाणार? मी म्हणालो, दुकानात गर्दी आहे आणि अक्का काही नवी नवरी नाही. मला ते तेव्हा अगदी रास्त वाटलं. गाठोडं आणायचं नव्हतं म्हणून जायचं सुचलं नाही, हे मी माझं मलाही कळू दिलं नाही.

अक्का आली नाही.

सण उलटल्यावर मी गेलो. तिच्या शेजारणीने मला दारातच गाठून सांगितलं, की अक्का नवं लुगडं नेसून, पिशवी बांधून ओट्यावर बसली होती. कुणी विचारलं की सांगायची, भावाची गाडी मागे पडली असेल. अंधार पडल्यावर उठून आत गेली.

अक्काने मला पाणी दिलं. मी दुकानातल्या गर्दीचं सांगू लागलो. तिने ते सगळं ऐकून घेतलं.

"इतला वरीस तू माले लेवाले येत व्हता, का बाहुल्या लेवाले?"

'तुला न्यायला' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते सगळंच खोटंही नव्हतं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि मला ते म्हणता आलं नाही. तिने मग चहा टाकला.

तेव्हापासून मी एकही आखाजी चुकवलेली नाही. अक्का आमरस करते, खापरावरचे मांडे करते, समोर बसून वाढते, भाचींची चौकशी करते. चल म्हटलं की म्हणते, पुढच्या साली बघू. ती मला सोडायला स्टँडपर्यंत येते आणि गाडी हलेपर्यंत खाली उभी राहते. शेजारच्या जागेवर कुणी बसायला आलं, की माझा हात आपोआप आडवा होतो. मग मी तो काढून घेतो आणि सरकून बसतो.