गिळलेलं रडू

पडद्यावरच्या नट्यांना आवाज देणं हा आईंचा धंदा, आणि रडण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी टीव्हीवर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव जाहीर झालं आणि घरात दोन तट पडले. सून म्हणाली, योग्य तोच जिंकला. मुलगा म्हणाला, हरलेला कितीतरी सरस होता. दोन्ही सिनेमांतल्या नायिकांचा आवाज आईंचाच, म्हणून निवाडा त्यांच्याकडे आला.

मटार सोलता सोलता त्या म्हणाल्या, "हरलेला चांगला. जिंकलेल्यात मी धाय मोकलून रडले, एका दमात झालं, घरी येऊन पोटभर जेवले. हरलेल्यात दिग्दर्शकाला रडू गिळल्याचा आवाज हवा होता. दिवसभर माइकसमोर गिळत राहिले, तेव्हा कुठे एकदा जमलं."

"मग परीक्षकांना ते कळलं कसं नाही?" सुनेने विचारलं.

"परीक्षकांचं काय घेऊन बसलीस. मयताच्या घरी गेलं की लोक आधी गळा काढणारीचंच सांत्वन करतात. जिचं माणूस गेलेलं असतं, ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते."