मावशींचं अडतिसावं तळं

मावशी कुठलीही गोष्ट दोन्ही हात पसरून मोजत. कॅनडातल्या ग्वेल्फमधल्या त्यांच्या घराचं बेसमेंट भाड्यानं बघायला गेलो तेव्हा मी खोलीचं माप विचारलं. पाच फूट उंचीच्या त्या बाईंनी भिंतीला छाती लावली, हात फैलावले आणि खेकड्यासारख्या आडव्या सरकत गेल्या. म्हणाल्या, "अडीच वाव. तुझा पलंग मावेल, वर तुझा आळसही मावेल." नागपूरहून नुकताच आलेला मी. वाव म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पसरलेल्या हातांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, हे त्यांनीच मला शिकवलं. अलिबागकडच्या त्यांच्या गावी होड्यांचे दोर तसेच मोजत.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. नवरा लवकर गेला, मुलगी व्हँकुव्हरला. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले. एकदा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावरून बाटली आली. आतलं पाणी चहासारखं तांबूस, आणि तपासलं तर निर्मळ. "आयुष्यभर पाणी बाटलीत पाहिलं रे. ते राहतं कुठे, ते कोणी दाखवलंच नाही," असं म्हणत रिटायर झाल्यावर पहिल्याच ऑगस्टात मावशी त्या बेटावर जाऊन थडकल्या. पुढे दर वर्षी जात राहिल्या. मी बेसमेंट सोडून ब्रॅम्पटनला नोकरीला लागलो, तरी शेवटचे चार ऑगस्ट मी त्यांचा हमाल होतो.

त्या बेटावर झाड औषधाला नाही. नुसता माळ, त्यावर गुडघाभर झुडपं, ओलं शेवाळ आणि जिकडे पाहावं तिकडे गोड्या पाण्याची तळी. हवा भरायची एक छोटी होडी माझ्या पाठीवर असे. तळ्याच्या मधोमध जायचं, शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, दोरी सैल पडली की पाण्यालगत चिमटीत धरायची आणि वर ओढत हातांनी मोजायची. मग वहीत तळ्याचं चित्र, खोली, पाण्याचा रंग, काठावरची फुलं. मी डेप्थ फाइंडर विकत आणू का, असं एकदाच विचारलं. "लॅबमध्ये तीस वर्षं मीटर मोजले. ही माझी सुट्टी आहे," एवढंच उत्तर मिळालं.

चालण्याची त्यांची रीत वेगळी होती. काठी आधी टेकवायची, क्षणभर थांबायचं, मगच पाऊल. "माळाला विचारून चालावं. आपण पाहुणे," म्हणत. मी विचारायचो नाही, म्हणून कमरेपर्यंत चिखलात जायचो. तेव्हा त्या मला बाहेर काढण्याआधी पोट धरून हसून घेत.

आम्ही उतरायचो ते घर एका म्हाताऱ्या कोळ्याचं. सगळं गाव त्याला स्किपर म्हणे. मावशींची वाव म्हणजे आपलाच फॅदम, हे कळल्यापासून तो त्यांना नात्यातलंच धरायचा. वहीत सदतीस तळी झाली होती. राहिलं होतं एकच, पार उत्तरेच्या टोकाचं. स्किपर दर वर्षी सांगायचा, "त्याला बॉटम नाही, माय लव्ह. माझे वडील सांगायचे. मी नाही गेलो कधी." मावशी तीनदा निघाल्या होत्या आणि तीनदा परतल्या होत्या. एकदा धुकं, एकदा वारा, एकदा गुडघा. आता दोन्ही गुडघे बदलायची तारीख लागली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यानंतर असल्या दलदलीत पाय घालायचा नाही. म्हणजे हे तळं या खेपेला झालं तर झालं, नाहीतर वहीतलं ते पान कोरंच राहणार. मावशी वरून थट्टा करत होत्या, पण ते कोरं पान उघडून बसलेल्या मी त्यांना पाहिलं होतं.

त्या खेपेला आठवडाभर धुकं होतं. रविवारी दुपारच्या फेरीबोटीनं आम्हाला निघायचं होतं. शनिवारी सकाळी पडदा सारला तर आभाळ लख्ख. पण मावशींचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांची वही बंद, पेन बंद, चालणंही अंगणापुरतं. "मावशी, एक दिवस चालवून घ्या ना. उद्या धुकं आलं तर?" मी म्हटलं.

"तर येईल. हजारो वर्षं चालत आलेला शनिवार मी एका तळ्यापायी सोडू?" त्या शांतपणे खिडकीशी जाऊन बसल्या.

मला ते बघवेना. भटकून येतो म्हणून मी होडी पाठीवर टाकली आणि सरळ उत्तरेचं टोक गाठलं. एकट्यानं तळ्यात होडी घातली, दोरी सोडली, हात पसरून मोजली. संध्याकाळी विजयी वीराच्या थाटात दारात उभा राहिलो. "मावशी, काम फत्ते. उद्या फक्त लिहून टाका."

मावशींचा चेहरा उतरला. "एकटा पाण्यात गेलास?" त्यांनी आधी त्यावरून मला झापून घेतलं. मग म्हणाल्या, "कोणाच्या वावेनं मोजलंस?"

"माझ्या."

"तू सहा फुटांचा सांड. माझ्या वहीत सगळे हात माझे आहेत."

"मग कन्व्हर्ट करू ना, दोन मिनिटांचं काम."

"कन्व्हर्टच करायचं होतं तर लॅब काय वाईट होती?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "आकडा सांगू नकोस. तेवढं तरी माझं राहू दे."

त्यांची शेवटची गोष्ट मी त्यांच्या हातातून काढून घेत होतो, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

रविवारी पहाटे त्याच मला उठवायला आल्या. धुकं होतं, पण विरळ. "जाऊन येऊ. नाहीच जमलं तर परत फिरू." निम्म्या वाटेवर काठीनं होकार दिलेल्या जागेनंच दगा दिला. मावशींचा पाय मांडीपर्यंत आत. मी काखेत हात घालून ओढलं, पाय आला, बूट आला नाही. मी म्हटलं, "पुरे आता, परत जाऊ." त्यांनी पिशवीतली ग्रोसरीची पिशवी काढली, मोज्यावर बांधली आणि म्हणाल्या, "एक बूट ठेवून घेतलाय माळानं. आता तळ्यानं तळ नाही दाखवला तर बघतेच."

धुकं हटलं ते आम्ही काठावर पोचल्यावर. काळंभोर पाणी, वाऱ्याचा लवलेश नाही. होडीत मी वल्ही धरली आणि तोंड शिवून बसलो. त्यांनी दोरी सोडली. ती सैल पडली तेव्हा मावशींनी डोळे मिटले. मग वर ओढत मोजू लागल्या, प्रत्येक वेळी हात पुरते ताणून, एक नख कमी नाही. "चार वाव. वर एक वीत." जरा थांबून म्हणाल्या, "सांग आता तुझं."

"साडेतीन."

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "बरोबर आहे. मोजायला येतं हो तुला." इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी, आणि मी तिथेच रडलो. त्या हसत होत्या, आमची होडी डुगडुगत होती.

स्किपर धक्क्यावर निरोप द्यायला आला होता. मावशींनी त्याच्यासमोर हात पसरले, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. म्हाताऱ्यानं उत्तरेकडे मान वळवली. "चारच फॅदम? मी सत्तर वर्षं घाबरलो त्याला." मग त्यानं टोपी काढून मावशींना मान लवून नमस्कार केला.

फेरीवर चढताना मावशींचे गुडघे सुजून टरारले होते. मी जवळजवळ उचलूनच त्यांना बाकावर बसवलं. मावशी जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण निघाली की मला ग्वेल्फचं घर आठवत नाही, तो बाक आठवतो. एका पायाला बूट, एका पायाला पिशवी, मांडीवर वही. बेट मागे पडत चाललं होतं आणि त्या दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून मला सांगत होत्या, "आता खुशाल बदलू देत. यांचं काम झालं."