तळायला चालेल, कालवणाला नको

“मावशी, एकच वाक्य आहे. ‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच मसाला.’ म्हणा ना.”

चंद्रामावशींनी तव्यावरचं पापलेट उलटलं. “तुझी ही मसाल्याची कंपनी कवा निघाली गो?”

“गेल्या वर्षी.”

“मग माझ्या सासूला पुड्या कोन आनून देत होता?”

कॅमेरामन हसला. मला हसू आलं नाही. मी अंधेरीतल्या एका एजन्सीत आहे. व्हिडिओ करणाऱ्यांना कंपन्यांच्या जाहिराती मिळवून देणं हे माझं काम. आमच्यात त्याला ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. म्हणजे जाहिरात व्हिडिओत अशी मुरवायची की बघणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. नियमाप्रमाणे ‘पेड’ असं लिहावं लागतं. ते किती बारीक लिहायचं, यावर आमच्या मीटिंगा चालतात.

मावशी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. सकाळी मार्केटात मासळी विकायची, दुपारी रांधताना व्हिडिओ करायचा. त्यांचे प्रेक्षक आणि गिऱ्हाइकं बरेचदा तीच माणसं. त्यात त्यांच्या गल्लीत उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला कुटतात. तिथे विकतची पुडी पिढ्यान्‌पिढ्या वापरतो म्हणायचं, म्हणजे आपल्याच हाताने नाक कापून घ्यायचं.

“उद्या मना मार्केटात बसायचं हाय,” मावशी म्हणाल्या. “बाजूला माझी जाऊ बसते. खोटारडी बोलंल मना, सगल्यांसमोर.”

मी हात टेकले. “मग तुम्हाला काय बोलायचंय ते बोला.”

कॅमेरा सुरू झाला. मावशींनी पुडी उचलली. “ही दाखवायला मी पैसं घेतलं हायत. माझा मसाला घरचा. तुमचा संपला आसंल तर ही घ्या. तलायला चालंल. कालवनाला नको.”

ही त्यांची मार्केटातली पद्धत. नेहमीच्या गिऱ्हाइकाला बर्फातली मासळी त्या बर्फातली म्हणून सांगूनच देतात. अडचण एवढीच होती की पुडीवर ठळक अक्षरांत ‘फिश करी मसाला’ छापलेलं होतं.

मी व्हिडिओ क्लायंटला अप्रूव्हलसाठी पाठवला आणि शिव्यांची वाट बघत बसले. उत्तर आलं, “पॅक क्लिअर दिसतोय. लव्हली. गो लाइव्ह.” क्लायंटचे साहेब दिल्लीचे. मराठी कळत नाही, म्हणून ते आवाज बंद करून पुडी किती वेळ दिसते तेवढंच बघतात.

“सर, सांगू का त्यांना?” मी बॉसला विचारलं.

“अप्रूव्हल मेलवर आहे ना? मग गप बस.”

व्हिडिओ गेला. मी कमेंट्स उघडून बसले. एकाने कमेंट टाकलीच, ‘मावशी, तुम्हीपण विकल्या गेलात?’ मावशींनी खाली लिहिलं, ‘मी तर रोज सकाली विकायलाच बसते, बाला. तुला काय पायजे ते बोल.’ त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. जाऊबाईंनी व्हिडिओ स्वतःच सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पुड्या धडाधड खपल्या. अर्थात तळायला.

मग कुणीतरी साहेबांना भाषांतर करून दिलं. फोनवर ते आधी कडाडले. नंतर विक्री बघून त्यांचा सूर बदलला. “ये ऑनेस्टी अच्छी चल रही है. सब क्रिएटर्स को दे दो.”

झालं. मी खरेपणाची स्क्रिप्ट लिहिली. घाटकोपरच्या एका ढोकळेवाल्या ताईंनी ‘खरं सांगू का, मी पैसे घेतलेत’ हे वाक्य तिसऱ्या टेकला अगदी मनापासून म्हटलं. पहिलीच कमेंट आली, ‘खरं बोलायचे किती मिळाले?’

लोकांना जाहिरातीचं वावडं नाही, हे मला या धंद्यात इतक्या उशिरा कळलं. आपल्याला बावळट समजलं की मात्र त्यांना राग येतो. हे मी प्रेझेंटेशनमध्ये टाकलं होतं. बॉसने ती स्लाइड काढली.

परवा मावशींकडे मासळी घ्यायला गेले. मी सुरमईला हात लावला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

“ती नको तुला. बर्फातली हाय.”

“मग ती कुणाला देणार?”

“तुझ्या दिल्लीच्या सायबाला,” मावशी म्हणाल्या. “सांगूनच देईन. त्याला कुठं कलतंय!”